अण्णांच्या खोकल्याचं कारण

'ड्यू टू' हे दोन शब्द मी पोटासाठी शिकवते. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये चेन आणि बटणांच्या एका दुकानावर आमचा इंग्रजी बोलायला शिकवणारा क्लास आहे. खाली गिऱ्हाइकांची घासाघीस चाललेली असते, मागच्या गल्लीत जीन्स शिवणाऱ्या मशीनी धडधडत असतात आणि वर आम्ही कारण सांगायची वाक्यं घोकत बसतो. दुकानदारांची सिंधी मुलं, नर्सिंगच्या मुली, कुरिअरच्या ऑफिसातले लोक, सगळे येतात आणि सगळ्यांचा जीव या 'ड्यू टू'वर. उशीर झाला, ड्यू टू ट्रॅफिक. गृहपाठ राहिला, ड्यू टू फंक्शन. एकाने तर सरळ लिहून आणलं होतं, ड्यू टू मम्मी.

या शब्दांचं खरं मर्म मला कपड्यांच्या धंद्यातल्या एका सिंधी विद्यार्थ्याने सांगितलं. "मॅडम, 'बिकॉज' बोलो तो सामनेवाला पूछता है, कैसे, क्यूं. 'ड्यू टू' बोल दो, बात खतम." सगळा वर्ग हसला. मीही हसले. तेव्हा हे दोन शब्द आमच्या घरात शिरले नव्हते.

व्याकरणाच्या जुन्या पुस्तकांत या शब्दांचे सोवळे नियम आहेत. नामाला जोडून आले तर चालतील, क्रियापदाला जोडून आले तर विटाळ. मी पूर्वी ते नियम मोठ्या निष्ठेने पाळायचे आणि मुलांच्या वह्या लाल करायचे. आता सोडून दिलं. कोणी ते कुठे जोडलं म्हणून कोणाचं घर बुडत नाही. मी आता एकच विचारते, की हे कारण आहे हे तुला कळलं कसं? ते सांगता येत नसेल तर 'ड्यू टू' लिहू नकोस. 'मे बी' लिही, 'आय थिंक' लिही, नाहीतर गप्प बस. मुलांना वाटतं मॅडम खडूस आहेत. वाटू दे.

अण्णा म्हणजे माझे वडील. अंबरनाथच्या एमआयडीसीत दगड दळायचा एक कारखाना होता, तिथे त्यांची सगळी नोकरी गेली. गारगोटीचा दगड आणायचा आणि दळून दळून त्याची मैद्यासारखी भुकटी करायची. ती पुढे रंगात जायची, फरश्यांत जायची, आणखी कुठे कुठे जायची. अण्णा गोण्या भरायच्या खात्यात होते. वरून नळकांड्यातून भुकटी पडायची, खाली गोणीचं तोंड धरून माणूस उभा, आणि तोंडाला घरून नेलेला रुमाल. संध्याकाळी अण्णा चाळीत शिरायचे तेव्हा भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांचेच वडील संध्याकाळी म्हातारे होतात आणि आंघोळ केली की पुन्हा तरुण होतात.

नोकरी संपत आली तसा खोकला लागला. पुढे आम्ही बदलापूरला शिरगावात फ्लॅट घेतला. लिफ्ट होती, पण तिची मर्जी असेल तेव्हाच चालायची. अण्णा एक जिना चढून कठड्याला धरून उभे राहायचे आणि वरून येणाऱ्याला हसून म्हणायचे, "तुम्ही व्हा पुढे." निवृत्तीच्या आधी कंपनीने त्यांना आपल्या डॉक्टरांकडे तपासायला पाठवलं. हे डॉक्टर आठवड्यातले काही दिवस कारखान्यात बसत आणि एरवी अंबरनाथलाच त्यांचा दवाखाना होता. त्यांनी छातीचा फोटो काढायला लावला, पुठ्ठ्याच्या नळीत फुंकायला लावलं आणि अहवालात एक ओळ लिहून दिली. ब्रीदलेसनेस ड्यू टू स्मोकिंग.

मी ती ओळ वाचली आणि मला वाटलं दुसऱ्याच कोणाचा कागद आमच्या घरी आलाय. अण्णा आणि धूम्रपान! आमच्या घरी पाहुण्याने सिगारेट पेटवली तर अण्णा त्याला हात जोडून जिन्यात पाठवत. शिरगावच्या आमच्या छोट्या विहारात दर रविवारी वंदना असते, तिथे पंचशील म्हणायला पुढे अण्णा असायचे. पाचवं शील नशेपासून दूर राहण्याचं. ते म्हणून झालं की तरण्या पोरांकडे बघून ते दोन शब्द बोलायचे, गुटख्याबद्दल, दारूबद्दल. पोरं मागे कुजबुजायची, "आलं आपलं व्यसनमुक्ती केंद्र." पण अण्णा दिसले की तोंडातला गुटखा थुंकायचीसुद्धा. एवढा त्यांचा शब्द होता.

"अण्णा, हे काय लिहिलंय?" मी विचारलं.

"बरोबर आहे ते," अण्णा म्हणाले. "त्यांनी विचारलं, विडी-सिगारेट? मी म्हटलं, होय साहेब, ओढलीय."

"कधी ओढलीत?"

"टेम्परवारी होतो तेव्हा. रात्रपाळीला सगळे ओढायचे, मीपण ओढायचो. मग दीक्षा समजली, सोडली."

"म्हणजे लग्नाच्या आधी?"

"लग्नाच्या आधी. तुझ्या आईला विचार, तिने मला विडी ओढताना बघितलंय का."

"मग सोडली हे सांगितलं नाहीत?"

"ते कुठे त्यांनी विचारलं? ओढली का, तेवढंच विचारलं. खोटं कसं बोलणार?"

यावर काय बोलावं! दुसरा कोणी असता तर सरळ 'नाही' म्हणून मोकळा झाला असता. आमच्याकडच्या जुन्या माणसांचं हे असंच. शील म्हणजे शील, आणि समोर खुर्चीत बसलेला माणूस म्हणजे साहेब. त्याने विचारलं तेवढंच आणि खरंच सांगायचं. खोटं न बोलण्याचं चौथं शील पाळायला गेले आणि पाचव्यात अडकले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

लोकांना वाटलं, आता ही बाई कंपनीकडे भरपाई मागायला जाणार. शेजारच्या काकूंनी तर वकिलाचा नंबरही पाठवला. पण माझा जीव दुसरीकडे जळत होता. त्या एका ओळीवर अण्णांचा विश्वास बसला होता. छापील कागद, खाली सही, वर शिक्का, आणि इंग्रजी. मग ते खोटं कसं असेल? रविवारी विहारात ते मागच्या रांगेत बसायला लागले. पुढे कोणी बोलावलं तर "खोकला येतो" म्हणायचे. एकदा मी त्यांच्या शेजारी बसले तेव्हा लक्षात आलं, की चार शीलं ते सगळ्यांबरोबर म्हणतात आणि पाचव्याला ओठ मिटून घेतात.

घरी आल्यावर मी भडकले. "पाचवं का नाही म्हणालात?"

"ज्याच्या छातीत धूर भरलाय त्याने कशाला म्हणायचं?" अण्णा म्हणाले. "पोरांना एवढं सांगत होतो. आपलंच ठेवायचं झाकून."

आणि आईला म्हणायचे, "माझ्या खोडीचा तुला ताप." उशी उंच करून दे म्हणायची वेळ आली की आधी माफी. गरम पाणी हवं असलं की आधी माफी. रात्री खोकून झालं की अंधारात माफी. आयुष्यात कोणाचं तांब्याभर पाणी फुकट न प्यायलेला माणूस स्वतःच्याच घरात गुन्हेगारासारखा वावरायला लागला. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आई काहीच बोलायची नाही, उशी उंच करून द्यायची.

त्यांच्याच खात्यातले एक सोबती भेटायला आले तेव्हा गंमत कळली. गंमत म्हणजे तळपायाची आग मस्तकात जावी अशी गंमत. तेही खोकत होते. गळ्यात तुळशीची कंठी, सुपारीचं खांडसुद्धा तोंडात न टाकणारा माणूस. त्यांना डॉक्टरांनी विडीचं विचारलं तेव्हा ते नाही म्हणाले. मग त्यांच्या कागदावर लिहिलं, ड्यू टू एज. वय किती, तर अजून नोकरीत होते! त्याच खात्यातल्या आणखी एकाला डॉक्टरांनी विचारलं होतं, "वडिलांना दमा होता का?" तो म्हणाला, गावाला शेकोटीशी बसून खोकायचे बिचारे. झालं, ड्यू टू हेरिडिटी. विडीमुळे होतं, वयामुळे होतं, बापामुळे होतं. नळकांड्यातून डोक्यावर पडणाऱ्या त्या भुकटीमुळे मात्र कोणालाच काही होत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशीचा हुकूम इंग्रजीत.

शेवटी एका शनिवारी मी अण्णांना घेऊन त्या डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले. अण्णांना यायचं नव्हतं. शेअर रिक्षात बसल्यावरही ते मला सांगत होते, "बाळा, मोठा माणूस आहे, नीट बोल." मी नीट बोलायचंच ठरवलं होतं. खरंच.

डॉक्टर वागायला वाईट नव्हते. खुर्ची दिली, पाणी दिलं. समोरचा उर्मट असला तर भांडण सोपं जातं, इथे तेही नव्हतं.

"तुम्ही इथे 'ड्यू टू स्मोकिंग' लिहिलंय," मी म्हटलं. "हे कशावरून ठरवलंत?"

"हिस्टरी त्यांनीच दिली ना."

"कधी ओढली, किती ओढली, कधी सोडली, हे विचारलंत?"

"मॅडम, बाहेर बघा किती लोक आहेत. प्रत्येकाचं पुराण ऐकत बसलो तर मला इथेच झोपावं लागेल."

"मग 'ड्यू टू' लिहू नका. 'असू शकतं' लिहा. आणि ते ज्या भुकटीत उभे राहिले तिचं निदान नाव तरी घाला."

डॉक्टर हसले. "तुम्ही टीचर आहात वाटतं. हे बघा, एका शब्दाने काय फरक पडतो? आणि डस्टचं म्हणाल तर ती लिमिटमध्ये असते. कंपनीने सगळ्यांना मास्क दिलेत."

"मास्क?" मी अण्णांकडे वळले. "अण्णा, मास्क होते?"

"होय साहेब," अण्णा डॉक्टरांना म्हणाले, "मास्क आहेत."

मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. मास्क होतेच. सुपरवायझरच्या कपाटात होते, प्लास्टिकच्या पिशवीत, कुलपात. तपासणीला कोणी येणार असलं की बाहेर निघायचे आणि ते गेले की पुन्हा आत. अण्णांनीच मला हे कितीदा हसत सांगितलं होतं. पण साहेबांनी विचारलं मास्क आहेत का, तर आहेत. पुन्हा एकदा खरंच बोलले माझे वडील.

तेव्हा मला गूळ आठवला.

पाळी सुटली की गोणी खात्यातल्या प्रत्येकाच्या हातावर सुपरवायझर गुळाचा एक खडा ठेवायचा. गूळ खाल्ला की घशातली भुकटी खाली उतरते, पोटात जाते आणि छाती साफ राहते, असं सगळ्या खात्याला वाटायचं. अंबरनाथच्या त्या भागात तुम्ही कोणालाही विचारा, धुळीच्या कामाला गूळ हा हवाच. अण्णांना तर ते कंपनीचं प्रेम वाटायचं. आपला खडा ते पुष्कळदा खायचेच नाहीत. कागदात बांधून माझ्यासाठी आणायचे आणि मी तो चपातीबरोबर खायचे.

"डॉक्टर," मी म्हटलं, "हवेत काही नव्हतं, तर कंपनी गूळ का देत होती?"

"काय देत होती?"

"गूळ. रोज. पाळी सुटताना."

"हां, ते..." त्यांनी चष्मा काढला. "ती आपली जुनी पद्धत आहे. वेलफेअर म्हणा."

"वेलफेअर असतं तर ऑफिसातल्या लोकांनाही दिलं असतं. त्यांना दिवाळीला मिठाई मिळायची. गूळ फक्त गोणी खात्याला."

"मेडिकली गुळाने काही होत नाही, मॅडम."

"ते मलाही माहीत आहे. मी विचारतेय की ज्याने गूळ मागवला, त्याला काय माहीत होतं? माणसाच्या घशात काही जातच नसेल, तर ते उतरवायला गूळ कशाला?"

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा लावला. बाहेरून कंपाउंडरने पुढच्या पेशंटला दारापर्यंत आणून उभं केलं होतं, तोही ऐकत होता. खाई त्याला खवखवे म्हणतात. इथे खाल्लं एकाने आणि खवखवत होतं दुसऱ्यालाच. मला वाटलं आता ते पेन उचलतील. एक शब्द खोडतील, एक लिहितील. मी तेवढ्यासाठीच आले होते.

"हे तुम्ही मॅनेजमेंटला विचारा," ते म्हणाले.

मी तोंड उघडणार तेवढ्यात अण्णा उठून उभे राहिले. खुर्चीच्या पाठीला धरून, धाप लागलेली, आणि दोन्ही हात जोडून. "साहेब, पोरीचं मनावर घेऊ नका. ती शिकलेली आहे, तिला राग येतो." डॉक्टर म्हणाले, "नाही नाही, असं काही नाही." मग त्यांनी अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला आणि वर सल्ला दिला, "आता परत सिगारेटच्या वाटेला जाऊ नका हं काका."

"नाही साहेब," अण्णा म्हणाले.

परतताना रिक्षात मी एक शब्द बोलले नाही, कारण बोलले असते तर रिक्षावाल्यालाच बोलले असते. अण्णाच थोड्या वेळाने म्हणाले, "गुळाचं काढायला नको होतंस. चांगला गूळ द्यायचे. काळा नाही, पिवळा धमक." मी बाहेर बघत राहिले. मला त्या डॉक्टरांपेक्षाही त्या क्षणी अण्णांचा जास्त राग आला होता, आणि हा राग आपण चुकीच्या माणसावर काढतोय हेही कळत होतं.

त्यानंतर क्लासमध्ये मी फार कडक झाले. एका नर्सिंगच्या मुलीने लिहिलं, 'पेशंट डाइड ड्यू टू पुअर फॅमिली.' मी तिला उभं केलं आणि विचारलं, "गरिबीने मारलं? की कोणी वेळेवर ऑक्सिजन लावला नाही?" ती रडकुंडीला आली. "मॅडम, सेंटेन्सच आहे, खरा पेशंट नाय तो." मी तिला बसवलं. पण हॉस्पिटलात गेल्यावर ती खऱ्या पेशंटबद्दल लिहिणार होती, म्हणून मी पुन्हा फळ्याकडे वळले आणि सगळ्यांना सांगितलं, की कारण लिहिणं म्हणजे कोणावर तरी बोट दाखवणं आहे. बोट दाखवायच्या आधी बघून घ्या. आणि आपलं बोट जिथे वळायला घाबरतं, तिथे आधी बघा.

असे काही महिने गेले आणि आई खोकायला लागली.

आधी आम्ही लक्ष दिलं नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, ऐकून ऐकून सवय लागते. भाऊ म्हणाला, बदलापुरात एवढी बांधकामं चाललीत, सिमेंट उडतं. आई स्वतः म्हणाली, "फोडणीचा ठसका आहे." फोडणी सकाळी एकदा होते आणि ठसका दिवसभर येतो, हे माझ्याही उशिरा लक्षात आलं. मग ती दळणाचा डबा उचलताना मध्येच खाली ठेवायला लागली, तेव्हा मी ऐकलं नाही. उल्हासनगरला छातीच्या एका तरुण डॉक्टरीणबाई आहेत, असं माझ्या नर्सिंगच्या मुलींकडून कळलं होतं. तिघेही गेलो. अण्णांचे जुने फोटोही मी पिशवीत टाकले होते, म्हटलं एकदा दाखवून घेऊ.

बाईंनी आईचा नवा फोटो काचेला लावला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"मावशी, विडी, मिश्री, काही?"

"नाय ओ."

"चूल?"

"लग्न झालं तेव्हा स्टो होता. मग गॅस आला."

"कधी दगडखाणीवर, क्रशरवर काम केलंय?"

"मी कुठे जाणार? घरातच. ह्यांचंच काम होतं दगडाचं."

बाईंनी अण्णांकडे पाहिलं. मी पिशवीतले फोटो काढून दिले. त्यांनी अण्णांचा फोटो आईच्या शेजारी लावला. मला त्यातलं काही कळत नाही, पण दोन्हीकडे वरच्या बाजूला साखर सांडल्यासारखे बारीक बारीक ठिपके होते, अण्णांच्यात दाट, आईच्यात विरळ. एवढं कोणालाही दिसलं असतं.

"काकांचे कामाचे कपडे कोण धुवायचं?" बाईंनी विचारलं.

"मीच," आई म्हणाली. "दुसरं कोण?"

"कसे धुवायचात?"

आईला या प्रश्नाचं नवल वाटलं. कपडे कसे धुवायचे हे तिला कोणी डॉक्टर विचारेल असं तिला वाटलं नव्हतं. "आधी झटकायची," ती म्हणाली. "गॅलरीत उभी राहून एकेक कपडा झटकायची. तसेच भिजवले तर ती भुकटी बसायची मोरीत, सिमेंटसारखी. मोरी तुंबायची. चाळीतल्या बायका भांडायला यायच्या. म्हणून मग आधी झटकून झटकून सगळी काढायची, मग पाण्यात घालायची. पांढरं धुकं उठायचं नुसतं. पोरांना आत घालून दार लावायची मी."

"किती वर्षं?"

"नोकरी होती तोवर."

मला तो झटकण्याचा आवाज ऐकू आला, सटासट, दार लोटलेलं, आणि आत आम्ही भावंडं. मी त्या डॉक्टरांकडे जाऊन गुळावरून भांडत होते, आणि हे मला कधी सुचलंही नव्हतं.

बाई म्हणाल्या, "आधी टीबी नाही ना ते बघावं लागेल. स्कॅन करू. मी आत्ता कागदावर भुकटीची 'शक्यता' एवढंच लिहिते. खात्री झाली की मग कारण लिहीन, आणि स्पष्ट लिहीन. काकांचंही पुन्हा तपासू."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. 'ड्यू टू' कसं वापरावं हे मी इतकी वर्षं शिकवत आले. ते नीट वापरणारं, म्हणजे कळेपर्यंत न वापरणारं आणि कळल्यावर वापरायला न घाबरणारं माणूस मला तेव्हा पहिल्यांदा भेटलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला स्वतःचा राग आला, की आईच्या छातीत ठिपके निघालेत आणि मला बरं कशाचं वाटतंय?

तेवढ्यात अण्णांनी घसा खाकरला. "बाई, एक विचारू?"

"विचारा ना काका."

"माझी विडी हिच्या छातीत जाईल का? मी ती लग्नाच्या आधीच सोडली होती."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी अण्णांच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "नाही. तुम्ही इतक्या वर्षांपूर्वी सोडलेली विडी यांच्या छातीत कशी जाईल? आणि तुमच्या फोटोतसुद्धा हे विडीचं दिसत नाही."

मला इतका आनंद झाला की मी अण्णांचा हात दाबला. म्हटलं सुटला माझा बाप. आता रविवारी विहारात पुढे बसेल, पाचही शीलं खणखणीत म्हणेल, पोरांना पुन्हा दम देईल. आम्ही बाहेर आलो. स्कॅनचा नंबर लागेपर्यंत बाकावर बसायला सांगितलं होतं. मी अण्णांना म्हटलं, "बघा, मी सांगत होते ना? तुमची काही चूक नव्हती."

अण्णा माझ्याकडे बघतच नव्हते. ते आईकडे बघत होते. तिचा ठसका थांबेपर्यंत ते थांबले. मग त्यांनी तिच्यापुढे हात जोडले, कंपनीच्या डॉक्टरांपुढे जोडले होते तसेच, आणि अगदी हळू म्हणाले, "म्हणजे ती भुकटी मीच घरी आणली."

आईने त्यांचे जोडलेले हात धरून खाली केले. ती आजवर इतक्या माफ्या ऐकून गप्प राहिली होती, पण या वेळी राहिली नाही. बाकावरचे सगळे वळून बघायला लागले इतक्या मोठ्याने ती म्हणाली, "तुम्ही नाय आणली. त्यांनी पाठवली, तुमच्या अंगावर घालून."